रिपोर्टचा फोन कोण घेणार?

वंध्यत्वाच्या उपचारकेंद्रात मी समुपदेशक आहे. बीटाचा, म्हणजे गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट फोनवर कळवायचं कामही बऱ्याचदा माझ्याकडेच येतं. त्यामुळे नवीन जोडपं समोर बसलं की मी पहिल्याच भेटीत विचारते, ‘रिपोर्टचा फोन कोण घेणार?’ दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. इतक्या लवकर हे कशाला, असं त्यांना वाटतं. पण आयव्हीएफमध्ये मन सांभाळायचं तर अवघड दिवसांचे निर्णय सोप्या दिवसांत घेऊन ठेवावे लागतात. इंजेक्शनं सुरू झाली की डोकं ठिकाणावर नसतं.

तर फोन. नंबर ज्याचा दिलाय त्यालाच आम्ही फोन करतो, आणि नेमकी ती व्यक्ती तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाहीतर गाडी चालवत असते. म्हणून वेळ ठरवून घ्या. ‘चारनंतर करा, तेव्हा आम्ही दोघं घरी असू’ असं आम्हाला बिनधास्त सांगा, आम्ही ऐकतो. रिपोर्ट नेहमी हो किंवा नाही असाच येतो असंही नाही. कधी आकडा अधांतरी असतो, मग साधारण 48 तासांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. ते दोन दिवस सगळ्यात वाईट जातात. त्या संध्याकाळी कुणाला कळवायचं आणि कुणाला मुळीच नाही, तेही आधी बोलून ठेवा.

ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) ते बीटा या मधल्या दिवसांत बायका शरीराची झडती घेत बसतात. छाती दुखतेय, पोट फुगलंय, झोप येतेय, म्हणजे राहिलं का? ट्रान्सफरनंतर चालू असलेल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्यांनीही हेच सगळं होतं, त्यामुळे लक्षणांवरून काही कळत नाही. घरी टेस्ट करण्याची घाईही नको. ट्रिगर, म्हणजे स्त्रीबीजं काढण्याआधीचं इंजेक्शन, एचसीजीचं असेल तर त्याचा अंश काही दिवस शरीरात राहतो, टेस्ट शोधते तेही एचसीजीच, आणि खोटी रेघ दिसू शकते. उलट फार लवकर केली तर खरी रेघही दिसत नाही. हातात किट असलं की पहाटे तीनलाही मोह होतो, म्हणून ते घरात आणूच नका.

‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे राहील’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, फसली की तेच वाक्य उलटून ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून’ असं होतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2011 साली 14 अभ्यासांचं, 3583 स्त्रियांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. उपचाराआधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलचं यश यांचा संबंध त्यात आढळला नाही. तेव्हा रडू आलं तर रडा, गर्भाला त्याची बाधा होत नाही. ताण कमी करायचा तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

नवऱ्यांबद्दल जरा जास्त बोलते, कारण केंद्रात त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, तरी हा गडी फाईल मांडीवर घेऊन कॉरिडॉरमध्ये बसलेला. त्याला काम द्या. ट्रिगरची वेळ अगदी काटेकोर असते, कारण त्यानंतर साधारण 36 तासांनी स्त्रीबीजं काढायची असतात. एका नवऱ्याने त्यासाठी तीन गजर लावले होते आणि इंजेक्शनवरचं नाव बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती मला म्हणाली, ‘पहिल्यांदा वाटलं, हे आमच्या दोघांचं चाललंय.’ वीर्याचं सॅम्पल देण्याच्या दिवशीचं दडपणही खरं असतं. ऐनवेळी जमणार नाही अशी धास्ती असेल तर आधीच सॅम्पल गोठवून ठेवता येतं. लाजू नका, आम्ही रोज हेच ऐकतो.

घरी हा विषय दिवसभर चघळू नका. वीस मिनिटं ठरवा, मोबाईलवर टायमर लावा, वेळ संपली की विषय बंद. एकाला सारखं बोलायचं असतं, दुसरा गप्प होतो, आणि पहिल्याला वाटतं याला काही पडलेलंच नाही. गप्प राहणाऱ्याला वीस मिनिटं झेपतात. बोलणाऱ्याने सुरुवातीलाच सांगावं, उपाय हवाय की नुसतं ऐकून घ्यायला हवंय.

नातेवाइकांसाठी एकच वाक्य पाठ करा: ‘काही सांगण्यासारखं असलं की आम्हीच सांगू.’ आपापल्या माणसांना आपणच सांगायचं. मैत्रिणीकडे गोड बातमी असेल तर ती समोरासमोर सांगण्याऐवजी मेसेजवर कळवायला सांगा. चेहरा सावरायला वेळ मिळतो.

थांबायचं कधी, हा प्रश्न कुणालाच नको असतो. तरी पहिल्या सायकलच्या आधीच किती सायकल आणि किती पैसे, हे कागदावर लिहा. मर्यादा पुढे बदलली तरी हरकत नाही, पण ती दोघांनी बसून बदललेली असावी. आणि निगेटिव्ह रिपोर्टच्या आठवड्यात पुढचा कोणताही निर्णय नको, ना लगेच दुसरी सायकल, ना ‘आता बास’. दात्याचं बीज, दत्तक किंवा मुलाशिवायचं आयुष्य यावर बोलायला नंतरची वेगळी भेट मागा.

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, एकटं न जाता. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर उपचारासाठी म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा.