रुग्णाला इजा झाल्यानंतर : पुनर्स्थापक बैठक कशी घ्यावी

उपचारांदरम्यान रुग्णाला इजा झाली की बहुतेक रुग्णालयांत केस पेपर कपाटात जातात, संबंधित डॉक्टरांना ‘नातेवाइकांशी काही बोलू नका’ असे बजावले जाते आणि चौकशी समिती नेमली जाते. कोणता नियम मोडला, तो कोणी मोडला आणि त्याच्यावर काय कारवाई करायची, एवढेच प्रश्न मग उरतात. पुनर्स्थापक पद्धतीत इजा झालेली व्यक्ती आणि त्या इजेला जबाबदार असलेले लोक समोरासमोर बसून बोलतात, आणि तिची सुरुवात वेगळ्या प्रश्नांनी होते : इजा कोणाकोणाला झाली, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती गरज पुरी करण्याची जबाबदारी कोणाची आहे? ही पद्धत चौकशीची जागा घेत नाही. मात्र चौकशीच्या अहवालात ज्या माणसाचे नाव केवळ ‘रुग्ण’ एवढेच उरते, त्याला ती पुन्हा बोलण्याची जागा देते.

या पद्धतीचा मोठा वापर न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये झाला. ओटीपोटातील अवयव खाली सरकणे, लघवीवर ताबा न राहणे किंवा हर्निया यांसाठी शस्त्रक्रियेत बसवलेल्या जाळीमुळे अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, दीर्घकाळ वेदना झाल्या होत्या आणि त्यांच्या तक्रारींवर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला गेला नव्हता. आरोग्य मंत्रालयाने वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील पुनर्स्थापक न्यायाच्या अभ्यासकांना मध्ये घेतले, ठिकठिकाणी ऐकण्यासाठीच्या बैठका झाल्या आणि सहाशेहून अधिक लोकांनी आपले अनुभव मांडले. जबाबदार यंत्रणांचे प्रतिनिधी समोर बसून ऐकत होते, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. तेथे १९७४ पासून दोष सिद्ध न करता भरपाई देणारी सार्वजनिक योजना आहे, त्यामुळे बोलण्याच्या आड न्यायालय फारसे येत नाही. आपल्याकडची परिस्थिती तशी नाही, आणि त्याचा विचार पुढे केला आहे.

बैठक घ्यायची की नाही, हे ठरवण्यापूर्वी रुग्णालयाने स्वतःला विचारावे की जे घडले ते खरे सांगण्याची आपली तयारी आहे का. ती नसेल तर बैठक घेऊ नये, कारण अर्धे सत्य ऐकण्यासाठी बोलावलेल्या माणसाला दुसऱ्यांदा इजा होते. त्याचप्रमाणे, घटनेनंतर लगेच काय घडले ते सांगणे आणि पुढचे उपचार देणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे; त्यासाठी बैठकीची वाट पाहायची नसते. लैंगिक अत्याचार, हेतुपुरस्सर केलेली इजा किंवा नोंदींमधील फेरफार यांचा संशय असेल, तर प्रथम कायद्याने ठरवलेला मार्ग धरावा.

त्यानंतर सुलभक, म्हणजे दोन्ही बाजूंची तयारी करून घेऊन बैठक चालवणारी व्यक्ती, निवडावा. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात आणि रुग्णाच्या घरची परिस्थिती समजून घेण्याचे त्यांचे कौशल्य येथे फार उपयोगी पडते. तरीही ते त्याच रुग्णालयाचे कर्मचारी असल्याने, इजा गंभीर असेल तर सुलभक बाहेरचा असावा, असे माझे ठाम मत आहे. वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः ही भूमिका कधीही घेऊ नये.

खरे काम पूर्वतयारीचे आहे, आणि त्याला बैठकीच्या कित्येक पट वेळ द्यावा. सुलभकाने इजा झालेल्या व्यक्तीला आधी एकटीला भेटावे. आपल्याकडे दवाखान्यातील बोलणी बहुधा थोरला भाऊ, दीर किंवा ओळखीचा एखादा कार्यकर्ता करतो आणि जिच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली ती बाई शेजारी गप्प बसून असते. तिला काय हवे आहे, हे तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये. कोणाला पैसे हवे असतात, कोणाला दुरुस्तीची शस्त्रक्रिया दुसऱ्या डॉक्टरांकडून करून हवी असते, तर कोणाला केवळ ‘तुमचे दुखणे मनाचे नव्हते’ हे डॉक्टरांनी कबूल केलेले ऐकायचे असते. कोणासमोर बोलणे तिला जड जाईल, सोबत कोण हवे, बैठक रुग्णालयात नको असेल तर कोठे घ्यावी, हेही तिलाच विचारावे. या टप्प्यावर तिने नकार दिला, तर तो कारण न विचारता स्वीकारावा. तिने मागितल्यास उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती बैठकीपूर्वीच द्याव्यात. नियमानुसार त्या मागणीपासून ७२ तासांत द्यायच्याच असतात.

डॉक्टर आणि परिचारिका यांनाही स्वतंत्रपणे भेटावे. आपल्या हातून रुग्णाला इजा झाली, ही गोष्ट अनेकांना झोपू देत नाही, आणि तरीही ती बोलून दाखवण्याची सोय त्यांना कोठेच नसते. त्यांना बोलण्याचा सराव द्यावा, पण उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. ‘गुंतागुंत झाली’, ‘आम्ही आमच्या परीने सर्व प्रयत्न केले’ ही वाक्ये ऐकणाऱ्याला बंद दारासारखी वाटतात, हे त्यांना समजावून सांगावे.

आता कायद्याविषयी. १९९५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, आणि गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली निष्काळजीपणाची प्रकरणे ग्राहक आयोगाकडून मध्यस्थीकडे पाठवता येत नाहीत, असे २०२० चे मध्यस्थी नियम सांगतात. म्हणून अशी बैठक ही तडजोडीची सुनावणी नव्हे, हे दोन्ही बाजूंना लेखी कळवावे. बैठकीतील कोणती गोष्ट गोपनीय राहील आणि कोणती राहणार नाही, हे वकिलाच्या सल्ल्याने आधी ठरवावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत संवाद चालू असला तरी थांबत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगणे सुलभकाचे कर्तव्य आहे. ते लपवून घेतलेली बैठक फसवणूकच ठरेल. तक्रार करण्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर बैठकीत सही मागू नये.

बैठकीच्या दिवशी टेबल नसावे आणि सर्वांच्या खुर्च्या एकसारख्या असाव्यात. रुग्णालयाच्या बाजूने माणसे कमी असावीत, पण त्यांत निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती असलीच पाहिजे, कारण ‘वर कळवतो’ हे उत्तर ऐकायला कोणी एवढ्या कष्टाने येत नाही. इजा झालेल्या व्यक्तीने प्रथम बोलावे आणि तिचे बोलणे संपेपर्यंत कोणीही, तारीख चुकली तरी, दुरुस्ती करू नये. त्यानंतर डॉक्टरांनी काय घडले ते सोप्या मराठीत सांगावे. घाई असेल तर बैठक पुढे ढकलावी. मोबाइल बाहेर ठेवावेत.

माफीवर थोडे थांबायला हवे. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर क्षमस्व’ या वाक्यात दोष ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकललेला असतो. माफी मागणाऱ्याने काय केले किंवा काय करायचे राहिले, त्याचा परिणाम काय झाला आणि आता तो काय करणार आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. चूक कोणा एकाची नसून यंत्रणेची असेल, उदाहरणार्थ रात्रपाळीला एकाच परिचारिकेकडे दोन वॉर्ड दिलेले असतील, तर ती माफी त्या परिचारिकेकडून वदवून घेऊ नये. ती व्यवस्थापनाने मागावी. माफी स्वीकारायची की नाही हा समोरच्याचा प्रश्न आहे आणि सुलभकाने त्यासाठी नजरेनेही आग्रह करू नये.

शेवटी जे ठरेल ते रुग्णाच्या भाषेत लिहावे : काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. न्यूझीलंडमध्ये अहवालानंतरही जाळीग्रस्त स्त्रियांना पाठपुरावा करत राहावे लागले आणि ताणामुळे होणाऱ्या लघवीच्या गळतीसाठी जाळी वापरणे तेथे २०२३ मध्ये स्थगित झाले. म्हणून पाठपुराव्याचे ओझे रुग्णावर न टाकता रुग्णालयातील एका व्यक्तीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्या कागदावरच द्यावा, तिने ठरलेल्या तारखांना स्वतः फोन करावा, आणि एखादी गोष्ट होऊ शकली नसेल तर ती का झाली नाही हे त्याच दिवशी कळवावे.