घरच्यांसाठी मेडिक्लेम घेताय? आधी रेशनकार्ड बाहेर काढा, मग प्रीमियम बघा

मेडिक्लेम घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सगळ्यात स्वस्त कुठला? मग कुठल्यातरी साइटवर सगळ्यांची वयं आणि मोबाइल नंबर टाकायचा आणि पुढचे आठ दिवस कॉल घेत बसायचं. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. आपल्याला हक्काने काय मिळतंय ते आधी बघा, त्यातून जे राहतंय तेवढ्यासाठीच पॉलिसी विकत घ्या, खर्च तिथेच निम्मा आटोक्यात येतो.

महाराष्ट्रात असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना. ही फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची योजना आहे असं अजून कितीतरी लोकांना वाटतं, पण जुलै २०२३ च्या जीआरनंतर ती सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली, पांढरं कार्ड असलं तरी, आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत गेलं. तुम्हाला प्रीमियम भरावा लागत नाही. अटी दोनच, हॉस्पिटल योजनेत अंगीकृत म्हणजे नोंदलेलं पाहिजे आणि उपचार यादीतला पाहिजे. प्रत्येक अंगीकृत हॉस्पिटलमध्ये योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्याच्याकडे जा, आणि आपल्या भागात कुठली हॉस्पिटलं आहेत ते १५५३८८ वर फोन करून आजच विचारून ठेवा. पेशंट स्ट्रेचरवर असताना ही चौकशी करायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच. ऑक्टोबर २०२४ पासून हे सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, आणि घरातल्या अशा सगळ्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख. या वयात खाजगी पॉलिसीचा प्रीमियम ऐकून माणूस फोन ठेवून देतो, त्यामुळे हे कार्ड सोन्यासारखं आहे. गोव्यातल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पाच वर्षं किंवा जास्त गोव्यात राहिलेल्या कुटुंबांना, तीन माणसांपर्यंत अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. आणि महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) पैसे कापले जातात का ते बघा, तुमचे पाऊण टक्का जातात आणि कंपनी सव्वातीन टक्के भरते, त्यात अवलंबून असलेले आईवडीलही धरता येतात. पैसे कापले जातात आणि घरच्यांची नावंच जोडलेली नसतात असं खूप ठिकाणी दिसतं.

मग खाजगी पॉलिसी कशाला? कारण रात्री दोन वाजता तुम्ही जवळ असेल त्या हॉस्पिटलला जाणार, ते योजनेत असेलच असं नाही, आणि यादीत नसलेली दुखणी पण येतात. पण आता तुम्हाला १ कोटीची पॉलिसी लागत नाही हे लक्षात आलं असेल.

चौघांच्या घराला परवडणारी रचना मला तरी एकच दिसते, ५ लाखांची बेस पॉलिसी फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) आणि त्यावर १५-२० लाखांचा सुपर टॉप-अप, ज्याचं डिडक्टिबल ५ लाख, म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचं तो देतो. २५ लाखांची सरळ पॉलिसी घेण्यापेक्षा हे बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं, दोन्हीचे कोट मागवून शेजारी ठेवून बघा. फक्त नुसता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात गल्लत करू नका. समजा वर्षात एकदा साडेतीन लाखांचं बिल झालं आणि पुन्हा ४ लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, दोन्ही ५ लाखांच्या आत म्हणून एक रुपया देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, साडेसात लाख झाले, वरचे अडीच लाख तो देतो. नावात एका शब्दाचा फरक आहे आणि एजंटकडून पण कधीकधी भलतंच विकलं जातं.

आईबाबांना तुमच्या फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे ६३ वर्षांचे बाबा आत आले की ३४ वर्षांच्या तुमचा आणि पोरांचा पण प्रीमियम त्यांच्या वयाने लागतो, आणि एकाच्याच ऑपरेशनमध्ये सगळ्यांची रक्कम संपली तर बाकीचे उघड्यावर. त्यांची पॉलिसी वेगळी घ्या. कंपनीकडून मिळालेला ग्रुप मेडिक्लेम असेल तर चांगलंच आहे पण तेवढ्यावर राहू नका, नोकरी सुटली की तो पण सुटतो.

आता स्वस्त पॉलिसी स्वस्त का असते ते बघू, कारण पैसे इथेच जातात. सगळ्यात घातक अट म्हणजे रूम रेंट लिमिट. ५ लाखांची पॉलिसी, रूमला एक टक्का म्हणजे रोजचे ५ हजार. तुम्ही ८ हजारांची सिंगल रूम घेतली, चार दिवस राहिलात, तुम्हाला वाटतं वरचे १२ हजार खिशातून गेले, ठीक आहे. पण तसं होत नाही. सर्जनची फी, ओटी चार्जेस, डॉक्टरांच्या व्हिजिट, हे सगळं पण ५ भागिले ८ या हिशोबात कापलं जातं, कारण हॉस्पिटल रूम बघून हे दर लावतं. हे खर्च १ लाख ६० हजार झाले असतील तर कंपनी १ लाख देणार, ६० हजार तुमचे, अधिक ते १२ हजार, म्हणजे रोजच्या ३ हजारांच्या फरकापायी ७२ हजारांचा फटका. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांवर ही कपात लावायची नाही असा नियम आहे, तेवढं बिलात तपासा. शक्यतो रूम रेंट लिमिट नसलेली पॉलिसी घ्या, नाहीतर निदान सिंगल प्रायव्हेट रूम चालेल असं लिहिलेली.

त्याच्या खालोखाल को-पे. वीस टक्के को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पाचवा हिस्सा तुमचा, वयस्कर लोकांच्या पॉलिसीत हा बऱ्याचदा असतो. आणि झोन. लहान गावाच्या पत्त्यावर प्रीमियम कमी लागतो पण मोठ्या ऑपरेशनला शेवटी पुण्या-मुंबईलाच यावं लागतं, तिथे जादा को-पे लागतो का हे आधी विचारा.

बजेट अगदीच ताणलेलं असेल तर आरोग्य संजीवनी बघा. ही २०२० पासूनची स्टँडर्ड पॉलिसी आहे, कुठल्याही कंपनीची घेतली तरी अटी सारख्याच, त्यामुळे फक्त प्रीमियम आणि जवळची नेटवर्क हॉस्पिटलं बघायची. तिच्यात ५ टक्के को-पे आहे आणि रूमला रोज विम्याच्या रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलला हे पुरत नाही, तालुक्याच्या गावी बऱ्यापैकी पुरतं.

जुना कोट हातात असेल तर नवीन मागवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. प्रीमियमवरची आयकरातली सूट (८०डी) मात्र जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते.

आता फॉर्म. हा भाग मी हात जोडून सांगतो, बीपी, शुगर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, सगळं लिहा. "अहो काका, एकच तर गोळी आहे, ती कशाला लिहायची" असं म्हणून नो वर टिक करणारे एजंट पावलोपावली भेटतात, क्लेमच्या वेळी ते फोन उचलत नाहीत. आणि हे लपत नाही. अ‍ॅडमिट करताना डॉक्टर विचारतात, किती वर्षांपासून बीपी आहे, आई खरं ते सांगते, ते केसपेपरवर "हायपरटेन्शन, सिन्स फाइव्ह इयर्स" असं लिहिलं जातं आणि तोच कागद विमा कंपनीकडे जातो. लिहिलं तर काय होईल, प्रीमियम थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी थांबावं लागेल, आणि आता २०२४ च्या नियमाने हे थांबणं तीन वर्षांच्या वर नेता येत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की त्यानंतर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. म्हणूनच लवकर घ्या आणि खंड पडू देऊ नका. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा असल्यांना साधारण दोन वर्षं.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांचा फ्री लूक असतो. त्या दिवसांत फॉर्मची कॉपी काढून एजंटने काय भरलंय ते एकदा स्वतः वाचा, नावांची स्पेलिंग, जन्मतारखा, आजार. पटलं नाही तर परत करा. पुढे कंपनी बदलावीशी वाटली तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज टाका, जितकी वर्षं थांबलात ती वाया जात नाहीत.

कॅशलेसला, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरायचं तेव्हा, कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत फायनल मंजुरी द्यायची असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर "अजून अप्रूव्हल आलं नाही" म्हणून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं तर कंपनीच्या हेल्पलाइनला हा नियम सांगून बोला, आणि क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा तक्रार पोर्टल, महिन्याभरात काही झालं नाही तर विमा लोकपाल, त्यांची ऑफिसं मुंबई आणि पुण्यात आहेत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात, फी नाही, वकील लागत नाही.

विमा नसताना कुणी अ‍ॅडमिट झालंच तर हॉस्पिटल धर्मादाय आहे का ते विचारा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत अशा मर्यादा आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, आणि बिल फायनल व्हायच्या आधी भेटा.