बायबलमधील हिब्रू शब्दाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा

उदाहरणासाठी ‘नेफेश’ हा शब्द घेऊ; त्याचे भाषांतर सहसा ‘जीव’ किंवा ‘आत्मा’ असे केले जाते. मूळ अक्षरे पाहून घ्यावीत: नून, पे, शिन. स्ट्राँगच्या शब्दसूचीत, म्हणजे बायबलमधील मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या सूचीत, याचा क्रमांक ५३१५ आहे. तो केवळ शब्द शोधण्यापुरता वापरावा. त्यापुढे छापलेल्या प्रतिशब्दांच्या यादीतून सोयीचा एक उचलणे म्हणजे अभ्यास नव्हे.

खरी अडचण धातूपाशी, म्हणजे शब्द ज्या मूळ क्रियारूपाशी जोडला जातो त्यापाशी, येते. मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला, कारण धातू सापडला की अर्थ हाती आला असे जवळजवळ प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. हा सल्ला कटाक्षाने टाळावा. नेफेशशी जोडलेले क्रियापद संपूर्ण हिब्रू बायबलात अवघ्या तीन ठिकाणी येते (निर्गम २३:१२ व ३१:१७, २ शमुवेल १६:१४) आणि तिन्हीकडे त्याचा अर्थ दम घेणे, ताजेतवाने होणे असा आहे. नाम मात्र सुमारे साडेसातशे वेळा येते. त्या तीन वचनांच्या आधारे शेकडो वचनांत ‘श्वास’ कोंबणे मुळीच समर्थनीय नाही, कारण शब्द कुठून आला हा एक प्रश्न आहे आणि लेखकाने तो कशासाठी वापरला हा दुसरा.

म्हणून आधी वचने जमवावीत आणि प्रत्येक ठिकाणी नेफेश काय करतो ते पाहावे. यशया ५:१४ मध्ये अधोलोक आपला नेफेश रुंद करतो, म्हणजे घसा. स्तोत्र ६९ च्या आरंभी पाणी नेफेशपर्यंत चढते, तिथेही गळाच. नीतिसूत्रे २३:२ मध्ये तो खाण्याची हाव आहे, लेवीय १७:११ मध्ये रक्तात असलेले जीवन, उत्पत्ती ४६:२७ मध्ये माणसे मोजण्याचे एकक, तर गणना ६:६ मध्ये चक्क प्रेत. उत्पत्ती १:२० मध्ये जलचरांना ‘नेफेश हय्या’ म्हटले आहे आणि २:७ मध्ये मनुष्यालाही तेच शब्द लावले आहेत. त्यामुळे देहात वसणारा वेगळा, अमर ‘आत्मा’ या शब्दातून काढणाऱ्यांनी ही दोन वचने शेजारी ठेवून वाचावीत.

हिब्रूच्या भगिनीभाषा, म्हणजे त्याच कुळातील प्राचीन भाषा, यानंतरच पाहाव्यात. अक्कादी ‘नपिश्तु’ आणि उगारिती ‘न-प-श’ यांतही घसा आणि जीव हे अर्थ आढळतात, त्यामुळे वचनांतून निघालेल्या निष्कर्षाला बळ मिळते. वचनांविरुद्ध साक्ष देण्यासाठी त्यांना कधीही उभे करू नये.

मराठी प्रतिशब्द निवडताना ‘जीव’ पुष्कळ ठिकाणी चपखल बसतो, कारण प्राण, प्राणी आणि माणूस या तिन्ही छटा त्यात आहेत. सरसकट मात्र तोही वापरू नये. प्रेताच्या वचनात तो चालत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर मिळाल्यास तेही ताडून पाहावे.

वचनांक तपासताना एक लक्षात ठेवावे: हिब्रू प्रतींत अनेक स्तोत्रांचे शीर्षक हेच पहिले वचन धरले जाते, म्हणून मराठीतील ६९:१ तिथे ६९:२ असते.