अरांचाचा खेळ बघायचा कसा

टेनिस क्लबातल्या पोरींना मी १९८९ची फ्रेंच ओपन फायनल दाखवते. एकीकडे तेव्हाची जगातली पहिल्या नंबरची स्टेफी ग्राफ, दुसरीकडे बार्सिलोनाची १७ वर्षांची अरांचा सांचेझ व्हिकारिओ. नियम एकच: बॉल नाही, अरांचाचे पाय बघायचे. लाल मातीवर घसरत ती बॉलपाशी पोचते आणि फटका मारला की लगेच मध्यावर परतते. पाठीमागे कमरेला अडकवलेला जादा बॉलही दिसेल. पोरी त्यालाच हसत बसतात, हसू दे. तिसऱ्या सेटला ३-५ झालं, ग्राफ मॅचसाठी सर्व्हिस करायला आली, की थांबवा आणि विचारा, आता काय? मग पुढे चालू. अरांचा जिंकली, ७-६, ३-६, ७-५! १९९४चं यूएस ओपन, १९९५चा तिचा जगातला पहिला नंबर वगैरे नंतर सांगा. आधी रॅकेट बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसतं पळवा.