काउंटरवरच्या पोरांचा हिशोब पक्का करायचा तर

मंडईत किंवा रविवार पेठेत नवीन लागलेली मुलं साध्या हिशोबालाही मोबाइल काढतात. बटणं दाबण्यात गैर काही नाही. पण 50 ग्रॅमसाठी 0.05 ऐवजी 0.5 दाबलं, की रक्कम दहापट होते आणि ती खटकतच नाही. म्हणून आधी अंदाज तोंडाने सांगायला लावा, मग कॅल्क्युलेटर.

सुरुवात 100 ग्रॅमपासून. भाव 180 रुपये किलो, गिऱ्हाइकाला हवेत 350 ग्रॅम. शंभराला 18, तीनशेला 54, पन्नासाला 9. झाले 63.

दोनशेची नोट आली तर वजाबाकी नको, हातचा तिथेच चुकतो. 63 पासून वर मोजत पैसे ठेवा: 7 ठेवले, सत्तर; 30, शंभर; 100, दोनशे. परत 137. नोट मात्र मोड देईपर्यंत गल्ल्यात टाकू नये, नाहीतर पाचशेची होती की दोनशेची यावरून वाद होतो.

पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊण पटीचे पाढे, जरूर पाठ करून घ्या. पाव, अर्धा, पाऊण किलोचा भाव त्यातच आहे. रोज दुकान उघडताना दहा मिनिटं, त्या दिवशीच्याच भावांवर. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारे बरेच असतात. त्यांच्याकडून आकडा बोलून, लिहून घ्या.