सभापती अचानक राजीनामा देतात, तेव्हा प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

राज्यसभेचे सभापती, म्हणजेच उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी 21 जुलै 2025 च्या रात्री राजीनामा दिला, तेव्हा आमच्याकडे गुहागरला होड्या अजून शाकारलेल्याच होत्या. मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत असते. त्यामुळे एरवी पहाटे समुद्रावर असणारी माणसंही त्या दिवसांत सकाळी वाचनालयाच्या बाकावर भेटतात. मंगळवारी पेपर यायच्या आधीच बाकावर दोन तट पडले होते. एकाच्या मोबाइलवर 'त्यांना घालवलं' असं आलं होतं, दुसऱ्याच्या मोबाइलवर 'तब्येतीपुढे कोणाचं काय चालतं' असं. राजीनाम्याचं पत्र मात्र दोघांनीही वाचलेलं नव्हतं.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, आता वाचनालयाचं काम बघते. अशा दिवशी काय करायचं, याची आमची एक रीत ठरलेली आहे. दोनशे पानी वहीत एक पान काढायचं आणि भांडण सुरू होण्याआधी त्यावर तीन गोष्टी उतरवायच्या. ज्यांच्या घरात, वाडीत, गटात दोन पक्षांची माणसं एकत्र बसतात, त्यांच्यासाठी ही रीत इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी पत्र. ते कोणाला लिहिलं, कोणत्या कलमाखाली, कधीपासून लागू आणि कारण काय दिलं, एवढंच लिहायचं. उपराष्ट्रपती राष्ट्रपतींना लिहितात, कलम 67 (अ). विधानसभेचे अध्यक्ष उपाध्यक्षांना लिहितात, कलम 179. धनखड यांच्या पत्रात प्रकृतीची काळजी आणि डॉक्टरांचा सल्ला हे कारण होतं, आणि राजीनामा तत्काळ लागू होता. पत्रातलं कारण खरं की नाही, यावर त्या दिवशी वाद घालू नका. बाकावर बसून ते ठरत नाही. कारण 'पत्रात दिलेलं' म्हणून लिहा आणि पुढे जा.

दुसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. त्या दिवशी राजीनामा देणाऱ्याच्या टेबलावर काय होतं, ते लिहा. 21 जुलै हा पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस होता. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांना पदावरून दूर करण्यासाठी राज्यसभेच्या 50 हून अधिक सदस्यांनी सही केलेली नोटीस आपल्याकडे आली आहे, हे धनखड यांनी त्याच दिवशी सभागृहात सांगितलं होतं. लोकसभेतही तशीच वेगळी नोटीस दिली गेली होती. त्यांच्या मुदतीची दोन वर्षं शिल्लक होती. हे सगळं ज्याला त्याला तपासता येतं, यात पक्ष नाही.

मग प्रतिक्रिया. इथे सावकाश जायचं. ज्याची प्रतिक्रिया, त्याच्या नावापुढे त्याच माणसाबद्दल तो पक्ष आधी काय म्हणत होता, ते तारखेसह लिहायचं. डिसेंबर 2024 मध्ये विरोधी पक्षांनी याच धनखड यांना हटवण्याची नोटीस दिली होती. सभापती पक्षपात करतात, असा त्यांचा आरोप होता. उपसभापती हरिवंश यांनी ती नोटीस फेटाळली, आणि सत्ताधारी पक्ष सभापतींच्या पाठीशी ठाम उभा राहिला. सात महिन्यांनी विरोधक त्यांच्या जाण्यावर प्रश्न विचारत होते. सत्ताधाऱ्यांकडून पंतप्रधानांचा छोटा संदेश आला: देशसेवेच्या अनेक संधी त्यांना मिळाल्या, त्यांना उत्तम आरोग्य लाभो.

हे दोन काळ शेजारी शेजारी दिसले की बाकावर लगेच कोणीतरी म्हणतं, "म्हणजे सगळेच सारखे." तिथे मी थांबवते. पक्षाची भूमिका बदलली म्हणून त्याचा आजचा प्रश्न खोटा ठरत नाही. कालपर्यंत ज्याच्यावर आरोप केले, त्याच्या जाण्यामागचं कारण आज विचारणं यात चूक काही नाही. बदलावरून इतकंच कळतं की माणसाची किंमत दोन्हीकडे गरजेप्रमाणे ठरत होती. म्हणून कौतुक आणि शिव्या दोन्ही बाजूला ठेवा, आणि त्या प्रतिक्रियेत तपासता येईल असं एखादं वाक्य आहे का, ते शोधा.

एक उदाहरण सांगते. काँग्रेसचे जयराम रमेश म्हणाले की 21 जुलैला राज्यसभेच्या कामकाज सल्लागार समितीच्या दुपारी साडेबाराच्या बैठकीला सभागृह नेते जे. पी. नड्डा आणि संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू आले होते. साडेचारच्या बैठकीला मात्र ते आलेच नाहीत, आणि तसं सभापतींना कळवलंही नाही. नड्डा यांचं उत्तर होतं की आम्ही दुसऱ्या कामात होतो आणि सभापतींच्या कार्यालयाला कळवलं होतं. बाकावर दोन्ही बाजूंनी आवाज चढले. आमचे तात्या, आयुष्यभर होडीवर गेलेले, सगळं ऐकून म्हणाले, "बाई, ते बैठकीला आले नव्हते, हे तर दोघंही कबूल करतात की! वाद आहे तो सांगून गेले का, एवढ्याचाच." मी ते तसंच वहीत उतरवलं. दोन विरोधी माणसं जेवढं कबूल करतात, तेवढं पक्कं धरायचं. उरलेल्याखाली रेघ मारून 'वाद' असं लिहायचं. 'पडद्यामागे बरंच काही आहे' हा अंदाज आहे, 'लोकशाहीची हत्या' हा राग आहे. दोन्ही बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ती वाक्यं पक्क्याच्या रकान्यात जात नाहीत. 'मला आतली खबर आहे' म्हणणाऱ्याला कोणी सांगितलं आणि कधी, हे विचारा. उत्तर नसेल तर ते वहीत येत नाही, मग तो माझा सख्खा भाऊ असला तरी.

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो मी सगळ्यांना हट्टाने विचारायला लावते: रिकाम्या खुर्चीचं काम आता कोण करणार? माणूस का गेला, यावर लोक महिनाभर भांडतात. खुर्ची रिकामी राहिल्याचे परिणाम त्याहून लांब जातात, आणि ते आम्ही कोकणातल्या लोकांनी जवळून पाहिले आहेत.

नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 ला महाराष्ट्र विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि दुसऱ्या दिवशी ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. बहुतेकांनी ती बातमी पक्षांतर्गत बदल म्हणून वाचली आणि पान उलटलं. काम उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे आलं. 5 जुलै 2021 ला तालिका अध्यक्ष म्हणून, म्हणजे तात्पुरतं कामकाज चालवायला, खुर्चीत आमचे गुहागरचे आमदार भास्कर जाधव होते. त्या दिवशी गोंधळ झाला, आणि सभागृहाने ठराव करून भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. इथे काहींनी त्याचा अभिमान बाळगला, काहींना संताप आला. 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनेला धरून नाही.

तोवर अध्यक्षाची निवड झालेलीच नव्हती. गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड व्हावी, म्हणून डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने नियम बदलले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर हरकत घेतली आणि निवड लांबली. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. फुटलेल्या आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांनी काढल्या, तर त्यांच्याच विरोधात हटवण्याची नोटीस आली. सरकार बदलल्यावर 3 जुलै 2022 ला निवडणूक झाली आणि राहुल नार्वेकर 164 विरुद्ध 107 मतांनी अध्यक्ष झाले. हरलेले उमेदवार राजापूरचे तेव्हाचे आमदार राजन साळवी. शिवसेना कोणाची, याचा अपात्रतेच्या अंगाने निकाल 10 जानेवारी 2024 ला याच खुर्चीवरून आला.

अध्यक्ष जागेवर असते तर वेगळं घडलं असतं का, यावर शपथ घेऊन कोणी बोलू शकत नाही. पण खुर्ची जवळजवळ 17 महिने रिकामी होती, हे कोणीही नाकारत नाही. पटोले यांच्या राजीनाम्यावर काँग्रेसचा मित्रपक्षही नंतर बोलला. 2023 मध्ये शिवसेनेच्या ठाकरे गटाच्या 'सामना'च्या अग्रलेखात पटोले यांचा राजीनामा घाईचा होता असं म्हटलं गेलं. म्हणून पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियांवर वहीचं पान बंद करू नका. त्याच पानावर खाली जागा सोडा.

जागा किती सोडायची? नवा माणूस निवडून येईपर्यंत आणि टेबलावरच्या कामाचं काय झालं ते कळेपर्यंत. धनखड यांच्या पानावर आम्ही दोन नोंदी नंतर केल्या. न्यायमूर्ती वर्मा यांच्या बाबतीत लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी 12 ऑगस्ट 2025 ला 146 खासदारांच्या सह्यांचा प्रस्ताव स्वीकारून तीन जणांची चौकशी समिती नेमली. म्हणजे ते काम लोकसभेतून पुढे गेलं. आणि 9 सप्टेंबरला महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन 452 विरुद्ध 300 मतांनी उपराष्ट्रपती निवडून आले. दुसरी नोंद तात्यांनी स्वतः केली. तोवर होड्या पाण्यात उतरल्या होत्या, त्यामुळे ते बाजार उरकून संध्याकाळी आले, आणि कारणाच्या रकान्यात अजूनही 'पत्रात दिलेलं: प्रकृती' एवढंच आहे ना, हे त्यांनी आधी तपासून घेतलं.