जनरेटर रिकामा फिरवू नका: पावसाळ्याआधीची डिझेल इंजिनाची तयारी

पावसाळा तोंडावर आला की वीज कधी जाईल याचा नेम राहत नाही. बंदिस्त शेडमधले पंखे थांबले की कोंबड्या काही मिनिटांतच धापा टाकायला लागतात, बल्क कूलरमधल्या दुधाचं तापमान चढू लागतं, पॉलीहाउसमध्ये हवा कोंडते. अशा वेळी जनरेटर पहिल्या सेल्फला सुरू व्हायलाच हवा. पण महिनोन्‌महिने उभं असलेलं इंजिन नेमकं तेव्हाच दगा देतं. रोज चालणाऱ्या इंजिनापेक्षा उभ्या इंजिनाची काळजी जास्त घ्यावी लागते, ती याचसाठी.

बरेच जण आठवड्यातून एकदा जनरेटर पाच-दहा मिनिटं चालवून बंद करतात. हेतू चांगला आहे, पण लोड न देता, म्हणजे पंप-पंखे असं काहीच न जोडता, चालवला तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. डिझेल पूर्ण जळायचं तर सिलिंडर चांगला तापावा लागतो आणि रिकामं इंजिन तेवढं तापतच नाही. मग अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी इंजेक्टरच्या टोकावर, व्हॉल्व्हवर, सायलेन्सरमध्ये साचत जाते. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आतून गुळगुळीत, चकचकीत होतो, पिस्टनच्या रिंगा त्यावर नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल खायला लागतं. हे ओळखायचं असेल तर सायलेन्सरच्या पाइपाचे जोड बघा. तिथे डांबरासारखा काळा, चिकट ओघळ दिसला तर इंजिन फार दिवस हलक्या लोडवर चाललंय असं समजा.

म्हणून महिन्यातून एकदा, निदान अर्धा तास, जनरेटर खऱ्या लोडवर चालवा. लोड क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या खाली नको. 50 ते 75 टक्के मिळालं तर उत्तम. 15 केव्हीएचा जनरेटर साधारण 12 किलोवॅट देतो, म्हणजे त्याला निदान साडेतीन-चार किलोवॅटचं काम हवं. पाण्यात पूर्ण ताकदीने चालणारा एक पाच एचपीचा पंप लावला तरी तेवढं भागतं. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या, मगच लोड टाका. सगळ्यात मोठी मोटर आधी आणि बाकीच्या एकेक करून, कारण मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. बंद करतानाही आधी लोड काढा, तीन ते पाच मिनिटं तसंच चालू द्या आणि मग बंद करा. टर्बो असलेल्या इंजिनाला तर हे टाळून चालणारच नाही.

आता डिझेल. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि त्यांचा काळपट गाळ फिल्टर तुंबवतो. टाकीच्या तळाचा ड्रेन उघडून थोडं डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली पाण्याचा थर आणि मधे गढूळ पट्टा दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत तळाचं काढून टाका, वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं) रिकामा करा, फिल्टर बदला. फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या लाइनमध्ये हवा राहते. ब्लीड स्क्रू (ही हवा काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारा आणि स्क्रू घट्ट करा. पावसाळाभर टाकी भरलेली ठेवा. वर्षभर पडून राहिलेल्या डिझेलवर मात्र भरवसा नको.

जनरेटर सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे बॅटरी. हाताशी वेळ थोडा असेल तर पहिली बॅटरीच बघा. चार्जिंग थांबवून काही तास झाल्यावर 12 व्होल्टची चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते, 12.2 च्या खाली असेल तर चार्ज करा. चार्ज करूनही सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम कोसळत असेल तर ती बदलायला झाली. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड काढून जोड घट्ट करा, प्लेट उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. चार्जिंग चालू असताना जवळ काडी पेटवू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

शेतावर धूळ, भुसा, पिसं यांना तोटा नाही. एअर फिल्टर फाटलेला असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा-लायनर घासून टाकते, तेव्हा तो बदलाच. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेने हवा मारून काढा. रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा. पॅनेल आणि अल्टरनेटरमध्ये उंदरांनी घरटं केलंय का, वायरी कुरतडल्या आहेत का, हेही पाहून घ्या.

इंजिन कमी चाललं तरी ऑइल वर्षातून एकदा बदला. तासांची मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती आधी भरली तर आधी. डिझेल इंजिनातलं ऑइल काळं होणारच, त्याने घाबरू नका. पण डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, इंजिन चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. काळा धूर बहुधा जादा लोड किंवा तुंबलेला एअर फिल्टर सांगतो, निळा धूर ऑइल जळत असल्याचं. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात थांबतो; गरम झाल्यावरही थांबला नाही तर इंजेक्टर आणि हेड गॅस्केट तपासून घ्या.

पावसात भिजू नये म्हणून जनरेटर गोठ्यात किंवा बंद खोलीत ओढू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस, जनावर, पक्षी कोणालाही मारतो. उघड्यावर छप्पर करा, चारी बाजूंनी वारा खेळू द्या, धूर शेडच्या उलट दिशेला जाऊ द्या. आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) नसेल तर जनरेटरची वायर सॉकेटमध्ये घालून घराला वीज देऊ नका. ती वीज उलटी लाइनवर जाते आणि तारा जोडायला खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर आणि अर्थिंग जाणकार वायरमनकडून पाऊस लागायच्या आत करून घ्या.